थप्पीच्या पोटातली ऊब

मला निरोप आला तेव्हा सुकवलेल्या फळांच्या त्या गोदामात किडीचे पतंग दिसायला लागून आठवडा झाला होता. मी आत पाऊल टाकताच गोदामप्रमुख म्हणाले, "मॅडम, हा सगळा माल आम्ही गोठवून घेतलाय. उणे वीसला, पूर्ण तीन दिवस. मग हे आले कुठून?"

हे प्रकरण मी इतक्या तपशिलात मांडतेय ते या एका प्रश्नासाठी. रसायनाशिवाय साठवणीतली कीड आवरायची म्हटली की उपायांची यादी कुणाकडेही मिळते : थंडी, उष्णता, ऑक्सिजन काढून घेणं, सापळे, मित्रकीटक. यादी खरीच आहे. पण कीड नेमकी जिथे बसली आहे, त्या जागी त्या घटकेला किती अंश आहेत हे कुणी मोजलेलं नसतं, आणि यादी तिथे फसते. विषारी वायूचं एक होतं. तो फटीत, पुठ्ठ्याच्या घडीत, थप्पीच्या मधोमध आपणहून शिरायचा. कीड कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक नसलं तरी त्याचं काम व्हायचं. थंडी तशी शिरत नाही. तिला वाट करून द्यावी लागते.

गोदाम मध्यम आकाराचं. बेदाणे, अंजीर, खजूर आणि जर्दाळू, सगळा सेंद्रिय माल. पन्हाळी पुठ्ठ्याची दहा किलोची खोकी, आत पातळ पॉलिथिनची पिशवी, अशी पन्नास खोकी एका लाकडी पॅलेटवर. माल आला की एका बाजूच्या यंत्रावर चाळायचा, निवडायचा, पुन्हा खोक्यात भरायचा आणि थप्पी लावायची, असा रोजचा क्रम.

वायूची धुरी त्यांच्यासाठी मुळातच बंद होती. सुकवलेल्या फळांच्या व्यापाराला एकेकाळी मिथिल ब्रोमाइडचा मोठा आधार होता. त्याने ओझोनचा थर विरतो हे कळल्यावर १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली तो टप्प्याटप्प्याने मागे घेतला गेला, विकसित देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत. माल रवाना करण्याआधीच्या आणि विलगीकरणाच्या धुरीला तेवढी सूट राहिली. फॉस्फीन उरला, पण वर्षानुवर्षं गळक्या ताडपत्रीखाली अर्धवट मात्रा दिल्यामुळे त्याला दाद न देणाऱ्या किडी जगभर तयार झाल्यात. सेंद्रिय मालाला या दोन्ही वायूंची मनाई. म्हणून या मंडळींनी मोठं गोठवणगृह भाड्याने घेतलं होतं. निर्णय चांगलाच होता, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं.

आधी ओळख

पतंग पकडायला वेळ लागला नाही. भिंतीवर बसलेला एक मी काचेच्या नळीत घेतला. लांबी जेमतेम सेंटीमीटर. पंखांचा डोक्याकडचा तिसरा हिस्सा फिकट राखाडी, उरलेला मागचा भाग तांब्याच्या रंगाचा, आणि दोन रंगांमधली सीमा इतकी स्पष्ट की दोन कापडं जोडून शिवल्यासारखी वाटावी. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की चूक होत नाही : प्लोडिया इंटरपंक्टेला, बोलीत इंडियन मील मॉथ. नावातल्या 'इंडियन'चा भारताशी काही संबंध नाही. अमेरिकेत मक्याच्या पिठाला तेव्हा 'इंडियन मील' म्हणत. त्या पिठावर हा पतंग सापडायचा, म्हणून एकोणिसाव्या शतकात आसा फिच या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने ते नाव रूढ केलं.

या पतंगाची तीन लक्षणं इथे कामाची. उडणारा पतंग स्वतः काही खात नाही. खाते ती अळी, त्यामुळे हवेतले पतंग मारत बसलं तरी फळावरची खाणारी तोंडं कमी होत नाहीत. एक मादी १०० ते ४०० अंडी घालते आणि अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे निवडणाऱ्याच्या नजरेत ते कधीच येत नाही. आणि ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास साधारण चार आठवड्यांचा. गारव्यात तोच कित्येक महिने लांबतो.

या शेवटच्या आकड्याने मला पहिला धागा दिला. माल गोठवणगृहातून परत आला त्याला पाच आठवडे झाले होते. गोदामाचं तापमान २७-२८ अंश. पतंग बाहेरून उडत आले असते तर हळूहळू, कधी दोन कधी चार असे दिसले असते. इथे ते एकाच आठवड्यात एकदम दिसले. सगळ्यांचा जन्म जवळपास एका वेळचा होता. याचा अर्थ परत आलेल्या मालात अंडी किंवा कोवळ्या अळ्या जिवंत होत्या, किंवा माल आल्या आल्या तो नव्याने लागला होता. पुढे कळलं की दोन्ही खरं होतं.

चाळणीच्या यंत्राखाली बॅटरीचा झोत टाकला तेव्हा दुसरी कीड दिसली. तपकिरी, चपटी, तीन मिलिमीटरची, उजेड पडताच फटीत पळणारी. भिंगाखाली मानेमागच्या भागाच्या दोन्ही कडांना सहा-सहा दात. हा करवती भुंगेरा, ओरायझेफिलस सुरिनामेन्सिस. हा उडताना दिसत नाही, पण अंगाने इतका सपाट की खोक्याच्या झाकणाची सैल घडी त्याला पुरते. धड पिशवी कुरतडून आत शिरणं त्याला जमत नाही. प्लोडियाची अळी मात्र पातळ पॉलिथिनला भोक पाडते. भुंगेऱ्याचं आयुष्य महिन्यांचं, क्वचित तीन वर्षांपर्यंतचं. यंत्र महिनाभर बंद ठेवून तो उपाशी मरेल या आशेवर राहू नये.

अंजिरांवर पांढरे ठिपके होते आणि तो अख्खा माल फेकून द्यायचं जवळपास ठरलं होतं. मी एक अंजीर कोमट पाण्याच्या वाटीत टाकलं. पाच मिनिटांत ठिपके विरघळले. ती साखर होती, फळातून वर येऊन तिचे स्फटिक झाले होते. बुरशी किंवा कोळीकिडे असते तर पाण्याने गेले नसते, आणि कोळीकिडे भिंगाखाली हलतानाही दिसले असते. वाटीभर पाण्याने तेवढा माल वाचला याचा मला आजही आनंद आहे, कारण चांगलं फळ भीतीपोटी फेकलं जाताना मी पुष्कळदा पाहिलंय.

तीन दिवसांनंतरचे १७ अंश

गोठवणगृहाच्या नोंदी मी मागवल्या. हवेचं तापमान तिन्ही दिवस उणे १९ ते उणे २१. नोंदी चोख होत्या. पण त्या हवेच्या होत्या.

मग आम्ही तेच पुन्हा करून पाहिलं. पन्नास खोक्यांचं, प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळलेलं पॅलेट, जसं आधी पाठवलं होतं तसंच. फरक इतकाच की रचताना मधल्या खोक्यातल्या बेदाण्यांत एक तापमापकाची सळई खोवली, दुसरी कडेच्या खोक्यात, आणि तारा बाहेर काढल्या. ७२ तासांनी वाचन घेतलं. कडेच्या खोक्यात उणे १५. मधल्या खोक्यात अधिक १७.

गोदामप्रमुखांना वाटलं, यंत्रच बिघडलंय. आम्ही सळई बदलली. आकडा तोच.

सुकवलेल्या फळांचा ढीग म्हणजे एक जाडजूड रजई असते. उष्णता त्यातून रांगत बाहेर येते आणि तिला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट, पाचपट झाली तर वेळ पंचवीसपट. वीस सेंटीमीटर जाडीचं एक सुटं खोकं गार व्हायला समजा दीड दिवस लागला, तर मीटरभर जाडीच्या घट्ट थप्पीला लागणारा वेळ आठवड्यांत मोजावा लागतो. त्यात ही मंडळी थप्पीभोवती फिल्म गुंडाळत होती, म्हणजे खोक्यांच्या मधून वारा जायचा उरलासुरला मार्गही बंद. तीन दिवसांत बाहेरच्या थरातली कीड मेली होती आणि थप्पीच्या पोटातली तशीच ऊबेत बसली होती. १७ अंशांत ती मरत नाही, फक्त मंदावते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुष्कळांची फसगत होते. ताजं फळ गोठलं की हाताला कळतं, ते दगडासारखं होतं. सुकवलेल्या फळात पाणी कमी आणि साखर भरपूर, त्यामुळे उणे १८ ला त्यात बर्फ जवळजवळ बनतच नाही. बेदाणा कडक होतो, पण 'गोठला की नाही' हे चाचपून ठरवता येत नाही. तापमापक खोवण्याला पर्याय नाही. ढिगाच्या मध्याने उणे १८ गाठलं की तिथून चार दिवस मोजायचे. या थंडीत बहुतेक कीड काही तासांतच मरते. चार दिवस धरायचे ते अंड्यांसाठी आणि सुप्तावस्थेतल्या अळ्यांसाठी. दिवस लहान होऊ लागले, गारवा आला की प्लोडियाची पूर्ण वाढलेली अळी कोष न करता तशीच पडून राहते, आणि अशी अळी थंडीला जास्त दाद देत नाही.

पुठ्ठा

थप्पीचं कोडं सुटलं तरी एक गोष्ट जुळत नव्हती. खोकी कडेची की मधली याची खूण गोदामात ठेवलेली होती, आणि कडेच्या खोक्यांतल्या मालातही अळ्या निघत होत्या. त्यांना तर थंडी पोचली होती.

गोदामात बारा कामगंध सापळे लावले. मादीचा जो गंध नराला ओढतो तो १९७१ मध्ये ओळखला गेला. त्याची गोळी चिकट पुठ्ठ्यात ठेवली की नर येऊन चिकटतात. फक्त नर. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून अशा थोड्या सापळ्यांनी कीड संपत नाही. सापळा विचारायला असतो, मारायला नाही. आम्ही गोदामाचा नकाशा भिंतीवर लावला आणि रोज प्रत्येक सापळ्याचा आकडा त्यावर लिहीत गेलो.

माझा अंदाज होता की आकडे बेदाण्यांच्या थप्पीजवळ फुगतील. सर्वांत जास्त पतंग मिळाले ते मागच्या कोपऱ्यात, जिथे एकही फळ नव्हतं. तिथे होती ती रिकामी, चपटी करून रचलेली खोकी. भरलेल्या खोक्यातला माल चाळणीवर ओतला की खोकं तिथे जायचं आणि पुन्हा वापरलं जायचं.

एक खोकं उचललं. बाहेरून स्वच्छ. आतून स्वच्छ. मग ब्लेडने पुठ्ठ्याचा वरचा कागद उभा चिरून सोलला. पन्हाळीच्या नळीत, एकामागे एक, रेशमाच्या पातळ पांढऱ्या पिशव्या. एकीत पिवळसर तपकिरी कोष होता आणि तो ऊन लागताच शेपटाकडून वळवळला. शेजारच्या नळीत रिकामी साल, म्हणजे तिथला पतंग केव्हाच उडून गेलेला. हाताच्या पंजाएवढ्या तुकड्यात आम्ही नऊ मोजले.

पूर्ण वाढलेली अळी अन्न सोडून निघते आणि कोष करायला अरुंद, अंधारी जागा शोधते. पन्हाळी पुठ्ठ्याची नळी तिच्या मापाचीच असते. अभ्यासक अळ्या गोळा करायला मुद्दाम अशाच पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या ठेवतात. या गोदामाने तेच काम नकळत, शेकडो खोक्यांनी केलं होतं. थंडीतून नीट निघालेला माल निवडून जुन्या खोक्यात भरला जायचा, आणि नळीतून निघालेली मादी पिशवीच्या दुमडलेल्या तोंडावर अंडी घालायची. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी. तिला पिशवीची गाठ ही भिंत वाटतच नाही.

गोदामप्रमुख बराच वेळ तो सोललेला तुकडा हातात धरून उभे होते. मग एवढंच म्हणाले, "खोकी वाचवत होतो आम्ही." त्यात त्यांचा दोष मी मानत नाही. वस्तू वाया जाऊ नये ही सवय चांगलीच असते. नळीच्या आत काय चाललंय हे बाहेरून दिसण्याची सोयच नव्हती.

मग काय केलं

रिकामी खोकी त्याच दिवशी जाड पिशव्यांत बंद करून बाहेर काढली. नवी खोकी आली ती फळांपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवली.

मालाची तीन गटांत विभागणी केली. ज्यात जाळी, विष्ठा किंवा अळ्या डोळ्यांना दिसत होत्या तो माल अन्न म्हणून बाद. हा निर्णय गोदामाला जड गेला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. माझं मत मी बदललं नाही. थंडीने अळी मरते, पण मेलेली अळी, तिची कात आणि विष्ठा फळावरच राहतात. कीड मारणं आणि माल स्वच्छ करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आधीच गच्च लागलेल्या मालाला गोठवून खाण्याजोगा म्हणणं मला पटत नाही.

दुसरा गट संशयित, पण स्वच्छ दिसणारा. तो गोठवायचा, मात्र नव्या पद्धतीने. फिल्म नाही. खोकी सुटी, प्रत्येक थरात पट्ट्या घालून, चहूबाजूंनी चार बोटं वारा खेळेल अशी. एकेका फेरीत माल कमी मावतो, त्यामुळे फेऱ्या वाढतात, आणि हाच या पद्धतीचा खरा भार. प्रत्येक फेरीत सर्वांत अडचणीच्या खोक्यात सळई. मधलं खोकं उणे १८ ला पोचायला ३८ ते ४० तास लागत होते. तिथून चार दिवस. एक फेरी जवळपास सहा दिवसांची.

पहिल्याच फेरीत माझ्याकडून एक चूक झाली. कागदावर मी तापमान आणि तास लिहिले, पण बाहेर काढल्यावर पिशव्यांची तोंडं बंद ठेवायची हे लिहायचं राहिलं. निवडणाऱ्यांनी माल बाहेर येताच पिशव्या उघडल्या. दमट हवा गार बेदाण्यांना भिडली आणि दाण्यांवर दव धरलं. चिकट गोळे झाले. सुकवलेल्या फळाची सगळी टिकाऊ शक्ती त्याच्या कोरडेपणात असते. ओल आली की बुरशी येते, आंबणं सुरू होतं, आणि आंबूस वासाला कार्पोफिलस हे भुंगेरे उडत येतात, ज्यांचा या गोदामात तोवर मागमूसही नव्हता. तो माल पातळ पसरून कोरड्या वाऱ्यावर पुन्हा सुकवावा लागला. पुढच्या फेऱ्यांत पिशव्या दोन दिवस न उघडता गोदामाच्या तापमानाला येऊ दिल्या. थंडी आत जायला जितका वेळ घेते तितकाच बाहेर पडायलाही घेते.

तिसरा गट खजुरांचा. गोठवणगृहात जागाच उरली नव्हती, म्हणून त्यांना हवाबंद करून आतली हवा बदलायची ठरवली. जाड, वायू न झिरपणाऱ्या कापडाची मोठी पिशवी, आत खोकी, आणि नायट्रोजन सोडून ऑक्सिजन एक टक्क्याच्या खाली. असं २५ ते ३० अंशांत दहा-बारा दिवस राहिलं की अंडं, अळी, कोष, पतंग काहीच टिकत नाही. थंडीच्या उलट इथे ऊब आपल्या बाजूची असते. कीड जितकी उबेत, तितका तिचा श्वास जलद, तितकी ती लवकर गुदमरते. गार गोदामात हीच पद्धत वापरली तर दिवस खूप वाढवावे लागतात.

तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन मापक चार टक्के दाखवू लागला. पॅलेटच्या फळीतून वर आलेला एक खिळा पिशवीत घुसला होता. चार टक्क्यांत माणूस मिनिटभरात बेशुद्ध पडेल, पण कीड दिवसेंदिवस तग धरते, हे ऐकून कामगार चकित झाले. भोक बुजवलं, फळ्यांवर जाड पुठ्ठा अंथरला, पुन्हा नायट्रोजन भरला आणि दिवस पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. आधीचे तीन दिवस धरायचे नाहीत, यावर मी अडून राहिले. आणि नायट्रोजन असो की कार्बन डायऑक्साइड, पिशवी उघडताना दारं-खिडक्या सताड उघडी हवीत, माणूस एकटा नको. या वायूंनी माणूस गुदमरतो तेव्हा त्याला काही कळायच्या आत सगळं होऊन जातं. रसायन नाही म्हणजे धोका नाही, असं कुणीही समजू नये.

यंत्राचं काम सर्वांत किचकट. चाळणीच्या चौकटीत, सांध्यांत, मोटरच्या झाकणाखाली साखरेने चिकटलेला बारीक चुरा साठला होता आणि करवती भुंगेऱ्यांची वस्ती त्यातच. यंत्र खोलून व्हॅक्यूमने आणि पत्र्याच्या पट्टीने खरवडलं. वाफेने धुवायची सूचना आली होती, ती मी नाकारली, कारण फटीत राहिलेली ओल नवं संकट आणते. खोलता येत नव्हता तो भाग उष्णतारोधक कापडाने झाकून आत गरम वारा सोडला, आणि सांध्याच्या धातूला चिकटवलेली सळई ५५ अंश दाखवू लागल्यावर तिथून दोन तास. पन्नासच्या वर गेलं की साठवणीतल्या किडी मिनिटांत, फार तर काही तासांत मरतात. मग फळालाच अशी उष्णता का नाही, असं विचारलं गेलं. देता येते, खजुरावर ती वापरलीही जाते. पण बेदाणे आणि जर्दाळू तापले की रंग काळवंडतो, साखर बाहेर येते, आणि इथल्या ग्राहकाला फिकट सोनेरी रंग हवा होता.

मित्रकीटकांचा विचार केला आणि सोडला. ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि पतंगाचा जन्मच रोखते. साठवणीच्या गोदामांत ती सोडलीही जाते. पण तिला अंडी उघड्यावर सापडायला हवीत. इथे कीड पिशवीच्या घडीत आणि पुठ्ठ्याच्या नळीत होती. स्वच्छ झालेल्या गोदामात पुढे राखणीला ती उपयोगी पडेल. भडकलेल्या प्रकरणात पहिला उपाय म्हणून मी ती सुचवत नाही.

त्यानंतर

निवडून झालेला माल आता १२ अंशांच्या खोलीत राहतो. साधारण १३-१४ अंशांच्या खाली प्लोडियाची वाढ थांबते. कीड मरत नाही, पण नवी पिढी उभी राहत नाही, आणि फळाचा रंगही जास्त टिकतो. पातळ पिशव्यांच्या जागी जाड, उष्णतेने तोंड बंद केलेल्या पिशव्या आल्या. पॅलेटखालची जागा आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम होते. नवा माल आला की थेट आत न जाता दाराजवळच्या वेगळ्या खोलीत थांबतो, आणि तिथे त्याच्यासाठी स्वतंत्र सापळा असतो. भुंगेरा पतंगाच्या कामगंध सापळ्यात येत नाही, म्हणून जमिनीवर आमिषाच्या चपट्या डब्या ठेवल्या आहेत. पूर्वी 'सापळा रिकामा म्हणजे गोदाम स्वच्छ' असा समज होता आणि त्याच समजाखाली भुंगेरे यंत्रात निवांत वाढत होते.

घरी डबाभर बेदाणे ठेवणाऱ्यांसाठी हेच गणित फार सोपं आहे. पाव-अर्धा किलोची चपटी पिशवी काही तासांत मध्यापर्यंत गार होते. घट्ट बंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये, मग न उघडता पूर्ण एक दिवस बाहेर, आणि नंतर घट्ट झाकणाच्या बरणीत. फ्रीझर खरोखर उणे १८ ला आहे ना, एवढं एकदा तापमापक ठेवून पाहावं.

गोदामात पहिल्या आठवड्यात बारा सापळ्यांत मिळून शंभराच्या वर पतंग चिकटले होते. दहाव्या आठवड्यात अकरा सापळे रिकामे होते आणि एकात तीन पतंग होते. तो सापळा दाराजवळच्या खोलीतला, आदल्या दिवशी उतरलेल्या जर्दाळूंच्या वरचा. गोदामप्रमुखांनी मला फोन केला तोवर त्यांनी एक खोकं रिकामं करून त्याचा पुठ्ठा ब्लेडने सोलून पाहिला होता. "नळीत चार निघाले, मॅडम," ते म्हणाले. "माल फ्रीझरला लावलाय. सळई मधल्या खोक्यात आहे."